सीपी असलेल्या मुलाच्या चालण्याची प्रश्नावली कशी भरावी: नव्या पालकांसाठी

फिजिओच्या खोलीबाहेर बाकावर बसलेलं असताना हातात दोन-तीन कागद येतात. ‘ताई, नंबर येईपर्यंत एवढं भरून ठेवा.’ मांडीवर मूल, खांद्याला पिशवी, पेन बहुधा शेजारच्याकडून मागून घेतलेलं. कागदावर विचारलेलं असतं, मूल घरात कसं चालतं, बाहेर कसं चालतं, जिना चढतं का. प्रश्न सोपे वाटतात, म्हणून भराभर खुणा करून कागद परत जातो. पुढे स्प्लिंट (पायाला आधार देणारा साचा) बदलायचं का, बोटॉक्स (ताठ स्नायू सैल करणारं इंजेक्शन) द्यायचं का, ऑपरेशन आत्ता करायचं की थांबायचं, वॉकर घ्यायचा की व्हीलचेअर, ही सगळी बोलणी मात्र त्या खुणांच्या आधारानेच सुरू होतात.

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचाल आणि तोल यांवर झालेला परिणाम. आपण सगळे म्हणतो ते सीपी. हे कागद मी बरीच वर्षं भरते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणता उपचार घ्यावा हे इथे सापडणार नाही. कागदावर काय लिहायचं, कसं लिहायचं आणि त्याने काय फरक पडतो, एवढंच सांगते.

१. हातात कोणता कागद आहे ते आधी बघा

सगळ्या प्रश्नावल्या एकच गोष्ट मोजत नाहीत. वरचं नाव वाचा. समजलं नाही तर विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याकडे साधारणपणे पुढची नावं कानावर पडतात.

*जीएमएफसीएस.* मुलाच्या हिंडण्याफिरण्यावरून पातळी ठरवणारी पद्धत. सगळ्यात आधी हीच भेटते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या कॅनचाइल्ड या केंद्रातून ती १९९७ साली आली आणि २००७ मध्ये सुधारून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वाढवली गेली. यात पाच पातळ्या आहेत. सहा ते बारा वर्षांच्या मुलांबद्दल त्या थोडक्यात अशा: पहिल्या पातळीतलं मूल सगळीकडे चालतं, कठडा न धरता जिना चढतं, पळतं आणि उड्याही मारतं, फक्त वेग आणि तोल कमी पडतो. दुसऱ्या पातळीतलं बहुतेक ठिकाणी चालतं, पण जिन्याला कठडा लागतो, लांबचं अंतर, खडबडीत जागा आणि गर्दी जड जाते. तिसऱ्या पातळीतलं घरात वॉकर, कुबड्या किंवा काठी घेऊन चालतं, लांब जायला चाकाची खुर्ची लागते. चौथ्या पातळीत हिंडण्याफिरण्याला बहुतेक ठिकाणी माणसाची मदत किंवा विजेवर चालणारी खुर्ची लागते. पाचव्या पातळीत मान आणि धड सावरणंही कठीण असतं, मुलाला सगळीकडे न्यावं लागतं. पालकांसाठीच्या कागदावर अशीच पाच वर्णनं असतात आणि त्यातल्या एकावरच खूण करायची असते.

*गिलेट प्रश्नावली.* अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या गिलेट चिल्ड्रन्स रुग्णालयाची, २००० साली प्रसिद्ध झालेली. तिच्यात दहा पायऱ्या आहेत. ‘एकही पाऊल टाकत नाही’ ही पहिली आणि ‘चालतं, पळतं, चढतं, बरोबरीच्या मुलांच्या मागे राहत नाही’ ही दहावी. सोबत बावीस कौशल्यांची यादी येते: हातात वस्तू घेऊन चालणं, मागे पावलं टाकणं, एका पायावर लंगडी, बसमध्ये एकट्याने चढणं-उतरणं, दोन चाकी सायकल, सरकता जिना, स्केटिंगसुद्धा. आता आपल्या गावात सरकता जिना नसेल आणि स्केट कुणी पाहिलेही नसतील, तर ‘नाही’ अशी खूण करून मोकळं होऊ नका. शेजारी लिहा, ‘कधी संधी आली नाही’. पायांना जमलं नाही आणि वेळच आली नाही, या दोन उत्तरांचा अर्थ तपासणाऱ्याला वेगळा लागतो.

*एफएमएस.* कोणत्या अंतराला कोणता आधार लागतो ते मोजणारी पट्टी. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधली, २००४ सालची. ५ मीटर, ५० मीटर आणि ५०० मीटर म्हणजे घर, शाळा आणि बाहेर, अशा तीन अंतरांना वेगवेगळा आकडा मिळतो. १ म्हणजे व्हीलचेअर किंवा बाबागाडी, २ वॉकर, ३ कुबड्या, ४ काठी, ५ म्हणजे सपाट जागी आधाराशिवाय, ६ म्हणजे कुठेही आणि गर्दीतही आधाराशिवाय. हा कागद बहुधा आपण भरत नाही. फिजिओ तोंडी विचारतात आणि आकडे टाकतात. म्हणून कागद न दिसताही तुमची परीक्षा चालू असते, हे ध्यानात असू द्या.

याशिवाय बेल्जियममध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एबिलोको-किड्स आहे, तिच्यात प्रत्येक कृती ‘अशक्य, अवघड, सोपी’ यांपैकी काय ते सांगायचं. नेदरलँड्समधली मोबक्वेस आहे, ती ४७ आणि २८ प्रश्नांची अशा दोन आकारांत मिळते. टोरांटोहून आलेली गोल नावाची मोठी प्रश्नावली ऑपरेशनच्या आधी एखाद्या चाल-तपासणीच्या प्रयोगशाळेत समोर येऊ शकते. ती वेदना, थकवा, खेळ, चाल दिसते कशी आणि मुलाला स्वतःबद्दल काय वाटतं, हेही विचारते. मला ती आवडते. लांबलचक आहे खरी, पण घरातल्या काळज्या तिच्यात मावतात.

२. तपासणीच्या आधीचे काही दिवस घरात नुसतं बघा

बाकावर बसून आठवायला गेलं की परवाचा चांगला दिवस आठवतो. म्हणून तारीख मिळाली की एक छोटी वही करा. मूल सकाळी पलंगावरून न्हाणीघरात कसं गेलं? चालत, रांगत, भिंत धरून, की तुम्ही उचललं? शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत कोणी नेलं? मधल्या सुट्टीत ते जागेवरच बसलं का? संध्याकाळी पाय दुखले का? दिवसाला दोन ओळी पुरतात.

शाळेतलं आपल्याला दिसत नाही, त्यामुळे बाईंना विचारा. नुसतं ‘कसा चालतो हो?’ विचारलं तर ‘छान चालतो’ असं प्रेमाचं उत्तर येतं. विचारायचं असं: वर्गातून शौचालयापर्यंत एकटा जातो का? प्रार्थनेला किती वेळ उभा राहतो? जिन्यावर कोण धरतं?

सोबत न्यायच्या वस्तू:

- जन्माच्या वेळचं आणि काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट
- खुब्याचे एक्स-रे, जुने आणि नवे, तारखेसकट
- आधीच्या बोटॉक्सचे, प्लास्टरचे, ऑपरेशनचे कागद
- आकडीची औषधं चालू असतील तर त्यांची चिठ्ठी
- रोजचे स्प्लिंट, गेटर (गुडघा सरळ ठेवणारे पट्टे), बूट, वॉकर किंवा काठी, सगळं प्रत्यक्ष. ‘घरी आहे’ याचा उपयोग नाही
- हाफ पँट, म्हणजे गुडघे दिसतील
- आधी भरलेल्या प्रश्नावल्यांच्या झेरॉक्स
- मोबाईलमध्ये दोन-तीन छोटे व्हिडिओ: समोरून, बाजूने, अनवाणी आणि स्प्लिंट घालून. फोन मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर धरा. उभं राहून वरून घेतलेल्या व्हिडिओत पाऊल कसं पडतं ते दिसत नाही

३. सर्वात चांगल्या दिवसाचं नको, रोजचं लिहा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

फिजिओच्या खोलीत गुळगुळीत फरशी असते, कुणी वाटेत येत नाही, ‘शाब्बास, अजून दोन पावलं’ म्हणणारं कुणीतरी असतं. तिथे मूल काठीशिवाय दहा पावलं टाकतं आणि आपल्याला भरून येतं. मग घरी रोज रांगत जाणाऱ्या मुलापुढे आपण ‘घरात चालतो’ असं लिहितो. जीएमएफसीएस आणि एफएमएस या दोन्हींच्या सूचनांत स्पष्ट म्हटलेलं आहे की मूल नेहमी काय करतं ते लिहा, जास्तीत जास्त काय करू शकतं ते नको. गिलेटच्या पायऱ्यांतही हा फरक आहे. चौथ्या पायरीवरचं मूल घरातल्या घरात चालतं, पण हळू, आणि रोज फिरायला ते चालणं वापरत नाही, व्यायाम म्हणून चालतं.

उलटंही होतं. काही घरांत मूल चालू शकतं, पण शाळेची घाई, पावसाळा, चौथा मजला, म्हणून आजोबा कडेवर घेऊन उतरतात. तिथे ‘करत नाही’ असं लिहून सोबत कारण लिहा. कारण कळलं तर उपाय बदलतो. काही मुलांना ताकदीचा व्यायाम हवा असतो, तर काहींना घरातून पंधरा मिनिटं लवकर निघणं एवढंच पुरतं.

आपण चांगलं लिहिलं तर मुलाला पुढची संधी मिळेल, वाईट लिहिलं तर डॉक्टर हात झटकतील, अशी भीती पुष्कळ आयांना असते. तुम्हाला एक उदाहरण देते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सीपी असलेल्या मुलांच्या खुब्यांचा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या पातळीतल्या कुणाचाही खुबा सरकलेला नव्हता, पाचव्या पातळीत तो ९० टक्के मुलांचा सरकलेला होता. म्हणून खुब्याचा एक्स-रे किती वेळा काढायचा हे पातळी बघून ठरवतात. खुबा सुरुवातीला दुखतच असेल असं नाही. पातळी आहे त्यापेक्षा एका घराने चांगली दाखवली तर एक्स-रे लांबतो, आणि तेवढ्या अवधीत सांधा सरकत राहू शकतो.

४. मीटर आणि फूट डोळ्यांनी मोजू नका

‘१५ ते ५० फूट चालतं का?’ हा प्रश्न गिलेटमध्ये येतो. १५ फूट म्हणजे साडेचार मीटर, एका बऱ्यापैकी खोलीची लांबी. ५० फूट म्हणजे पंधरा मीटर. एफएमएसमधले ५० मीटर म्हणजे क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या, एक खेळपट्टी २० मीटरची. ५०० मीटर मोबाईलच्या नकाशावर मोजा: घरापासून किराणा दुकान, मंदिर, बसथांबा यांपैकी काय तेवढ्यावर येतं ते बघून ठेवा. एकदा मोजलं की कायमचं झालं.

मीटरचा आकडा मात्र फक्त जागेची कल्पना यावी म्हणून आहे. मूल घड्याळ लावून ५०० मीटर चाललं की नाही हे कुणी बघत नाही. बाजारात, लग्नात, जत्रेत ते कसं फिरतं, हा खरा प्रश्न.

५. आधार कशाकशाला म्हणायचं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर.

भिंत, पलंगाची कड, दिवाण, दुकानाचा कठडा धरून चालणं हा आधारच आहे. एफएमएसमध्ये असं चालणाऱ्या मुलाला ५ मिळत नाही, ४ मिळतो, म्हणजे काठीवाल्या मुलाचा आकडा. ‘काही घेत नाही हातात’ असं आपण अभिमानाने सांगतो आणि फिजिओ ५ लिहितात. भिंतीचं आवर्जून सांगा.

स्प्लिंट मात्र वेगळं. मूल रोज स्प्लिंट घालून चालत असेल तर स्प्लिंट घातलेलं चालणंच मोजायचं. त्याने आकडा कमी होत नाही.

बोट धरून चालणं: किती धरलं ते लिहा. रस्ता ओलांडताना कोणत्याही लहान मुलाचं बोट धरतात, ते निराळं. बोट सोडलं तर पडेल का, हे सांगा.

कडेवर घेणं. या प्रश्नावल्या जिथे तयार झाल्या तिथे लांबच्या अंतराला बाबागाडी किंवा खुर्ची गृहीत धरलेली आहे. आपल्याकडे खुर्ची असली तरी ती रिक्षात मावत नाही, चाळीच्या जिन्याने उतरत नाही आणि गटारावरच्या फरशीवर अडकते, म्हणून मूल कडेवर असतं. कागदावर त्याला रकाना दिसला नाही तर समासात लिहा: ‘बाहेर नेहमी उचलून नेतो.’ मूल मोठं होत जातं, आपली कंबर तीच राहते. हे वाक्य वाचल्याशिवाय खुर्चीचा विषय बोलण्यात येत नाही.

रांगणं लिहायला संकोच वाटतो, विशेषतः मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर. एफएमएसमध्ये घरातल्या ५ मीटरला रांगण्याचं स्वतंत्र अक्षर आहे, म्हणजे अशी मुलं त्यांनी धरलेलीच आहेत. जमिनीवर जेवणाऱ्या, जमिनीवर झोपणाऱ्या घरात रांगणं कधी कधी सगळ्यात जलद पडतं.

आणि जे कागदावर नाही तेही सांगा: उंबरठा, भारतीय पद्धतीचं शौचालय, मांडी घालणं, ओट्यापर्यंत हात पोचणं. त्यासाठी कुठे गुण नाहीत, पण घरचा दिवस त्याच्यावरच चालतो.

६. वयाचा रकाना चुकवू नका

जीएमएफसीएसचे वयानुसार पाच गट आहेत: दोनच्या आत, दोन ते चार, चार ते सहा, सहा ते बारा, बारा ते अठरा. प्रत्येक गटातलं वर्णन वेगळं आहे. चुकीच्या गटाचा कागद भरला तर उत्तर चुकणारच, तेव्हा वरचं वय बघा. मूल दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल आणि अजून दोन वर्षांचं व्हायचं असेल, तर जन्मतारखेवरून नाही, अपेक्षित तारखेवरून वय धरतात. दोन वर्षांच्या आत मिळालेली पातळी पुढे बदलू शकते, म्हणून त्या वयात मिळालेल्या आकड्यावरून रात्र जागवू नका. दोननंतर ती पुन्हा करून घ्या.

७. कोणी भरायचं

दिवसभर मुलाजवळ जो असतो त्याने. आई नोकरीला आणि आजी घरी असेल तर आजीला सोबत न्या. बाबांची आणि आईची उत्तरं जुळत नसतील तर भांडू नका, दोन्ही सांगा. एक जण रविवारचं मूल बघतो आणि दुसरा सोमवारचं. दर वेळी शक्यतो एकाच माणसाने भरावं, नाहीतर मागच्या कागदाशी तुलना होत नाही.

कागद इंग्रजीत असेल तर अंदाजाने भरू नका. ‘मला मराठीत वाचून दाखवा, मी सांगते’ असं सरळ म्हणा. आणि मूल बोलतं असेल तर त्यालाही विचारा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं की शाळेत कुठे थकायला होतं आणि कुठे लाज वाटते म्हणून ते उठतच नाही.

८. पंजावर चालणं, पाय आत वळणं: हे कुठे लिहायचं?

जीएमएफसीएस, गिलेटच्या दहा पायऱ्या आणि एफएमएस, तिन्ही कागद चाल कशी दिसते हे विचारत नाहीत. पंजावर चालणारं, गुडघे एकमेकांना घासणारं मूल आधाराशिवाय सगळीकडे जात असेल तर त्याचा आकडा चांगलाच येणार. त्यामुळे ‘इतका वाकडा चालतो आणि यांनी पहिली पातळी दिली’ अशी तक्रार करून उपयोग नाही. त्या गोष्टी व्हिडिओत दिसतात, डॉक्टरांच्या तपासणीत दिसतात आणि गोल प्रश्नावलीत विचारल्या जातात. तुम्हाला त्यांची काळजी असेल तर तोंडाने सांगा.

९. कागद दिल्यानंतर

सही करण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. आकडा त्याच वेळी विचारून घ्या आणि घरच्या फायलीत तारखेसह लिहा. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर, दुसरं गाव असेल, तर हीच फाइल कामाला येते.

आकड्याचा अर्थ लावताना दोन गोष्टी माहीत असाव्यात. जीएमएफसीएस ही प्रगतीपुस्तक नाही. ती मुलाचा गट सांगते म्हणा, गुण नाही, आणि दोन वर्षांनंतर बहुतेक मुलांची पातळी तीच राहते. ऑपरेशननंतर तिसरीची दुसरी होईल अशी आशा धरली तर यशस्वी ऑपरेशनही फसल्यासारखं वाटतं. बदल बघायचा तर गिलेट, एफएमएस, मोबक्वेस अशा कागदांत बघा. आणि तिथेही घाई नको. एकाच वेळी पायांच्या अनेक जागी केलेल्या ऑपरेशननंतर एफएमएसचे आकडे तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात खाली जातात, वर्षभराने पहिल्या जागी येतात आणि त्याच्याही वर दोन वर्षांच्या सुमारास जातात, असं मेलबर्नच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं. सहाव्या महिन्यात कागद भरताना डोळे भरून येतात, कारण वॉकर सुटलेलं मूल पुन्हा वॉकरवर असतं. तरीही जे आहे ते लिहा.

‘चालेल ना हो?’ हा प्रश्न आपणही विचारतो आणि शेजारपाजारचे तर विचारतातच. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या ६५७ मुलांवरच्या २००२ च्या अभ्यासात पातळीनुसार वाढीच्या रेषा काढल्या आहेत. पहिल्या पातळीतली मुलं हालचालींच्या आपल्या क्षमतेचा ९० टक्के टप्पा पाच वर्षांच्या आसपास गाठतात, पाचव्या पातळीतली तीनच्या आत. वाचायला जड जातं. पण रोज उगाच दोन तास ओढून चालवण्यापेक्षा चौथ्या वर्षी चांगली खुर्ची आणि शाळा मिळवावी, हा निर्णय अशा आकड्यांमुळे घेता येतो. खुर्ची म्हणजे हार, असं मानणारे नातेवाईक भेटतील. त्यांना प्रश्नावली भरायला द्या.

१०. पातळी आणि टक्के यांची सरमिसळ करू नका

दिव्यांग प्रमाणपत्रावरचे टक्के आणि जीएमएफसीएसची पातळी यांचं थेट कोष्टक नाही. तिसरी पातळी म्हणजे साठ टक्के, असलं गणित कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे, अनेक सवलतींना ४० टक्के लागतात आणि ते शासकीय वैद्यकीय मंडळ ठरवतं. त्यासाठी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज करायचा: मुलाचा आणि पालकाचा आधार, फोटो, राहण्याचा पुरावा, उपचारांचे कागद. प्रश्नावल्यांच्या झेरॉक्स सोबत ठेवा. मंडळाला त्या बघाव्याच लागतात असं नाही, पण पाच मिनिटांच्या तपासणीत ‘बाहेर नेहमी उचलून नेतो’ हे कागदावर दाखवता येतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्याला, त्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, हेच प्रमाणपत्र लागतं.

खासगी तपासणी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी तिथे होते. अंगणवाडीतून किंवा शाळेतून चिठ्ठी मिळते. तिथे गेल्यावर पुढचे प्रश्न विचारून उत्तरं फायलीत लिहून घ्या: आत्ताची पातळी कोणती, कोणत्या वयोगटाचा कागद वापरला, खुब्याचा पुढचा एक्स-रे कधी, आणि हीच प्रश्नावली पुन्हा कोणत्या महिन्यात भरायची.